वैमानिक जमिनीवर, विमान मोहिमेवर

लढाईत सगळ्यात जिवावरचं काम कुठलं? शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या तोंडावर पहिलं विमान घालणं. हे काम आता बिनवैमानिकाच्या विमानांकडे चाललंय. त्यातला मजेशीर भाग असा, की धुळे जिल्ह्यातल्या साक्रीहून एका अंगाला नाशिक आणि दुसऱ्या अंगाला नागपूर, दोन्हीकडे याच उद्योगाची गडबड सुरू आहे.

नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने ‘नागास्त्र-१’ हा आत्मघाती ड्रोन बनवला. वजन ९ किलो, म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या गोणीचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या लाँचरसकट सगळा संच दोन पाठपिशव्यांत मावतो. वर गेला की जवळपास अर्धा तास घिरट्या घालत कॅमेऱ्यातून सावज शोधतो. सापडलं की एक किलो स्फोटकांसह त्यावर झेपावतो. मोटार विजेवरची, त्यामुळे २०० मीटरच्या वर गेल्यावर आवाजही खाली पोचत नाही. आणि सावज नाहीच मिळालं, तर? स्वारी पॅराशूट उघडून परत! नाव आत्मघाती, पण पुन्हा वापरता येतो. लष्कराने ४८० मागवले. पैकी पहिले १२० जून २०२४ मध्ये वर्ध्याच्या पुलगाव दारूगोळा भांडारात दाखल झाले.

साक्रीहून पिंपळनेर-सटाण्यामार्गे नाशिक गाठलं, तर तिथे लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांसारखेच आता जमिनीवर बसून विमान हाकणारेही तिथून ‘विंग्ज’ लावून बाहेर पडतात.

शत्रूला चकवायचं कसं, हे १९८२ साली लेबनॉनच्या बेका खोऱ्यात दिसलं. इस्रायलने आधी वैमानिकाशिवायची छोटी विमानं सोडली. सीरियाने ती खरी समजून रडार चालू केले. रडार बोलायला लागला की त्याचा पत्ता कळतो. मग खऱ्या विमानांनी सीरियाची क्षेपणास्त्र केंद्रं उडवली. २०२० मध्ये आर्मेनियाशी झालेल्या युद्धात अझरबैजानने तर जुनाट दुपंखी एएन-२ विमानं रिकामी पाठवून हाच डाव टाकला. भंगारालाही शेवटी मान मिळाला.

आपल्या डीआरडीओचा मोठा डाव म्हणजे बिनवैमानिकाचं लढाऊ विमान ‘घातक’. त्याचा छोटा नमुना कर्नाटकात चित्रदुर्गला १ जुलै २०२२ रोजी पहिल्यांदा उडाला. त्याला शेपूटच नाही, कारण उभी शेपटी रडारच्या लहरी परत फेकते. डिसेंबर २०२३ च्या चाचणीत तो ‘गगन’ या भारतीय उपग्रह-प्रणालीच्या मदतीने आपला आपण उतरला. तरी लढाऊ विमान व्हायला त्याला अजून बराच पल्ला आहे.

‘थ्री इडियट्स’मधला उडता ड्रोन आठवतो? तो मुंबई आयआयटीच्या पोरांच्या ‘आयडियाफोर्ज’चा. आता नवी मुंबईत असलेल्या या कंपनीचे ‘स्विच’ ड्रोन लष्कर वापरतं. ते मारत नाहीत, नुसती पाळत ठेवतात.

आणि हो, शिवकर बापूजी तळपदे! १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी बिनमाणसाचं विमान उडवल्याची कथा आपण चवीने सांगतो. तिचा भक्कम पुरावा नाही. शिवाय ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं.

जाता जाता, लग्नाच्या वरातीवर ड्रोन फिरवणाऱ्या मंडळींसाठी: उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या पट्ट्यात साधारण ४०० फुटांपर्यंतच मुभा आहे. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बटणाला हातही लावू नका.