मॅकमिनव्हिलची तबकडी
अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, मॅकमिनव्हिलजवळच्या शेतावर मे १९५० मध्ये पॉल ट्रेंट यांनी उडत्या तबकडीचे दोन फोटो काढले. ते खरे की बनावट, हा वाद अजून मिटलेला नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या चौकशीत विल्यम हार्टमन यांनी निगेटिव्हवरचा उजेड मोजला. लांबची गडद वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते. तबकडीची सावलीतली खालची बाजू तशीच फिकट निघाली, म्हणजे ती दूर असावी. पण लेन्स मळलेली असली तरी गडद भाग असाच उजळतो. वाद वेळेवरूनही आहे: फोटो संध्याकाळी काढले, असं ट्रेंट सांगत. पण फोटोंवर शंका घेणारे रॉबर्ट शेफर यांना त्यांत दिसणाऱ्या गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या सकाळच्या वाटल्या. मला मात्र फोटोत वरून गेलेल्या तारा जास्त बोलक्या वाटतात. तबकडी दोन्ही वेळा त्यांच्याच खाली आहे, आणि दोऱ्याने टांगलेली छोटी वस्तूही नेमकी तिथेच लोंबली असती.