बाटली बिअरचीच हवी

घरी बिअर बनवणे हा इंग्लंड-अमेरिकेतला लोकप्रिय छंद. इंग्लंडमध्ये त्यासाठीच्या परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली, तर अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ साली मुभा दिली. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय ती बनवणे गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी इंग्लंडमध्ये नोकरीला असताना आमचे शेजारी हा उद्योग करीत. ओळखीपाळखीच्यांकडून ते रिकाम्या बाटल्या गोळा करत आणि त्यातल्या निम्म्याअधिक सरळ बाद करून टाकत.

त्याचे कारण दाबात आहे. बाटली भरताना बिअरमध्ये थोडी साखर घालतात. आत उरलेले यीस्ट ती खाते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि झाकण घट्ट असल्यामुळे तो बिअरमध्येच मुरतो. लिटरमागे चार ग्रॅम साखरेतून सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ लिटरभर वायू निघतो. नेहमीच्या बिअरच्या एका लिटरमध्ये असा अडीच लिटर वायू कोंबलेला असतो. साधारण मोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब, तेवढा काचेवर! आणि आंबण्याची क्रिया पुरी व्हायच्या आतच कोणी घाईने बाटल्या भरल्या, तर? लिटरमागे दहा ग्रॅम साखर शिल्लक राहिली तरी वायू दुप्पट होतो. म्हणून हायड्रोमीटरचे माप दोन-तीन दिवस तेच येईपर्यंत थांबायचे. चांगली बाटलीसुद्धा या घाईला पुरी पडत नाही.

आता बाटली कोणती? मुळात बिअरचीच, जाड काचेची, ओपनरने उघडावी लागणारी. हाताने पिळून उघडायच्या झाकणाची नको. तिच्या तोंडावर घरच्या यंत्राने झाकण नीट बसत नाही. साध्या वाइनची बाटली दाबासाठी घडवलेलीच नसते. शोभेच्या चौकोनी बाटल्या तर हातही लावू नये अशा, कारण सपाट बाजूंवर ताण एकवटतो. शँपेनची बाटली भक्कम खरी, पण तिच्या तोंडाला पुष्कळदा मोठे झाकण लागते. रंग तपकिरी हवा. उजेडाने हॉप्समधल्या द्रव्यांवर परिणाम होऊन बिअरला उग्र वास येतो.

जुनी बाटली उजेडात धरून पाहावी. काचेला ओरखडा म्हणजे तडा जायची जागाच. तोंडाचा टवका उडालेला असेल, पोटावर घासल्याची पांढरी कडी खोल असतील, तर ती भंगारात द्यावी. तारेच्या कडीची बाटली असेल तर रबरी चकती वेळच्या वेळी बदलावी. गार काचेवर उकळते पाणी ओतू नये.

नवशिक्याला मी सोड्याची प्लॅस्टिकची बाटली सुचवीन. ती बोटाने दाबून पाहता येते: कडक झाली की वायू भरला, दगडासारखी झाली की जपून. फुटलीच तरी काचा उडत नाहीत. मात्र तिच्यातून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो, तेव्हा बिअर महिनोन् महिने ठेवू नये.

शेजारी भरलेल्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, गार जागी ठेवत. एखादी बाटली फुटली, तर खोक्यातल्या बाकीच्याही संशयित धरायच्या. जाड हातमोजे आणि चष्मा घालून, न हलवता त्या थंड करायच्या आणि मग एकेक झाकण अलगद सैल करायचे.