दाराशींच अडलेलें चलच्चित्र

संगणकावर चलच्चित्र मागतांना ब्राउझर आपलें नांव व यंत्रावरील कार्यप्रणाली प्रत्येक मागणीसोबत कळवितो. कांहीं संकेतस्थळें तेवढें वाचूनच गिऱ्हाइकास परत लावितात. अमेरिकेंतील नेटफ्लिक्सचीं चित्रें पूर्वीं सिल्व्हरलाइटवर चालत. तें लिनक्सकरितां नव्हतें. अडचण खरी होती. २०१४ सालीं क्रोममध्यें तीं त्यावांचून चालूं लागलीं, तरी लिनक्सवाल्यांस कांहीं काळ मनाई राहिली. तेव्हां कित्येकांनीं नवा क्रोम घेऊन ‘विंडोज’ असें खोटेंच कळविलें, आणि चित्र सुरू झालें! अर्जावरील गांवाचें नांव पाहूनच अर्ज परत करणारे कारकून आम्हीं कचेरींत पाहिले आहेत. त्यांचीच ही जात. ऑक्टोबरांत मनाई उठली. जुन्या यंत्रावर फुकट मिळणारें लिनक्स घालणाऱ्या शेतकरीबंधूंनीं, चित्र अडल्यास, यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं दुसरा ब्राउझर लावून पाहावा.