रिकाम्या खोलीचा आवाज: मार्टिन हॅनेटने ‘अननोन प्लेझर्स’ कसा घडवला

ज्यांचा एपिसोड प्रवासात अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी कापली आहे, बाकी सगळं तसंच आहे. इयरफोन हाताशी ठेवा. फोनच्या स्पीकरवर आजची निम्मी गोष्ट ऐकूच येणार नाही.

सुरुवात टी-शर्टपासून करू. काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा, डोंगररांगांसारख्या एकाखाली एक. तुमच्याकडे नसेल तर तुमच्या एखाद्या मित्राकडे नक्की असेल. ते डोंगर नाहीत. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठराविक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचे, ते सिग्नल आहेत. खगोलशास्त्राच्या एका कोशात हा आलेख छापलेला होता. डिझायनर पीटर सॅव्हिलने तो काळ्यावर पांढरा केला आणि झालं एका अल्बमचं कव्हर: जॉय डिव्हिजन या बँडचा ‘अननोन प्लेझर्स’, जून १९७९.

टी-शर्ट घालणारे लाखो, अल्बम ऐकलेले त्याहून बरेच कमी. आणि ऐकलेल्यांपैकीही किती जणांना माहीत असतं की हा अल्बम बाहेर आला तेव्हा बँडमधल्या दोघांना तो चक्क आवडला नव्हता? आपली गाणी, आपला पहिला अल्बम, आणि ऐकल्यावर वाटतंय की हे आपण नाहीच! असं का झालं, तेच आज समजून घेऊ.

बँड कसा होता?

मँचेस्टर आणि आसपासची चार मुलं. इयन कर्टिस गायचा, बर्नार्ड समनर गिटार, पीटर हुक बेस आणि स्टीफन मॉरिस ड्रम्स. जून १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स मँचेस्टरला येऊन वाजवून गेले. तो कार्यक्रम बघून समनर आणि हुक यांनी ठरवलं की आपणही बँड काढायचा. वाजवता येत नव्हतं, पण पंकची गंमतच ती होती. आधी स्टेजवर चढा, शिकायचं ते नंतर शिका.

स्टेजवर हा बँड म्हणजे आगडोंब होता. मोठा आवाज, करकरीत गिटार, वेग. समनरचा अ‍ॅम्प्लिफायर इतक्या जोरात असायचा की हुकला स्वतःचा बेस ऐकू यायचा नाही. मग तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला, कारण तिथे वाजवलं की निदान ऐकू तरी येतं. निव्वळ अडचणीतून आलेला हा उपाय पुढे त्याची ओळख झाला. गाण्याची चाल बेसवर! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि हॅनेट?

मार्टिन हॅनेटचा जन्म १९४८ चा, म्हणजे या मुलांपेक्षा सात ते नऊ वर्षांनी मोठा. शिक्षण केमिस्ट्रीचं. स्वतः बेस वाजवायचा. १९७७ मध्ये बाहेर आलेली बझकॉक्स या बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड त्याने ‘मार्टिन झीरो’ या नावाने केली होती. पुढे टीव्ही निवेदक टोनी विल्सन आणि मंडळींनी फॅक्टरी रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली, त्यात हॅनेटही भागीदार झाला.

ऑक्टोबर १९७८ मध्ये रॉचडेलच्या कार्गो स्टुडिओत त्याने जॉय डिव्हिजनची दोन गाणी रेकॉर्ड केली. मग एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत पूर्ण अल्बम. दहा गाणी, साधारण ४० मिनिटं. स्ट्रॉबेरी हा साधासुधा स्टुडिओ नव्हता. १०सीसी या बँडचा पैसा त्यात होता आणि १९७५ चं त्यांचं ‘आय’म नॉट इन लव्ह’ तिथेच तयार झालं होतं. म्हणजे पंकच्या मुलांना एकदम चकाचक प्रयोगशाळा मिळाली, आणि सोबत एक केमिस्ट.

आता थोडं इंजिनिअरिंग

घाबरू नका, परीक्षा नाही. पण हा भाग कळला की अल्बम वेगळाच ऐकू येतो.

आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. भिंत १७ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणजे साधारण १०० मिलिसेकंद. भिंत साडेतीन मीटरवर असेल तर २० मिलिसेकंद. आपला मेंदू हा हिशोब सतत करत असतो, आपल्याला न विचारता. डोळे मिटूनही कळतं की आपण बाथरूममध्ये आहोत की पार्किंगच्या तळघरात.

इथे एक गंमत आहे. परत आलेला आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला वेगळा धरत नाही. मूळ आवाजातच तो मिसळतो, आवाज फक्त जाड आणि रुंद वाटतो. अंतर ५० मिलिसेकंदांच्या वर गेलं की ड्रमसारख्या तुटक आवाजाचे दोन ठोके वेगळे ऐकू यायला लागतात. याचा अर्थ असा की वेळ बदलली की खोली बदलते. तुमच्या हातात मिलिसेकंदांचं बटण असेल तर तुम्ही भिंती सरकवू शकता.

हे बटण म्हणजे डिले. त्याआधी हे काम चुंबकीय टेपवर व्हायचं. एका हेडने रेकॉर्ड करायचं, थोडं पुढच्या हेडने वाजवायचं. छान उबदार आवाज यायचा, पण प्रत्येक फेरीत तो थोडा मळायचा. ७० च्या दशकात डिजिटल डिले आले. मँचेस्टरच्या उत्तरेला बर्नली गावात एएमएस नावाची छोटी कंपनी होती, तिचं डीएमएक्स १५-८० हे यंत्र हॅनेटने अगदी सुरुवातीच्या काळात हाती घेतलं.

आत काय चालतं? कोड लिहिणाऱ्यांनो, रिंग बफर. आवाजाचे हजारो नमुने आकड्यांच्या रूपात मेमरीत गोल गोल लिहित जायचे आणि थोडं मागे राहून तेच वाचायचे. आजच्या सीडीच्या दर्जाने सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०० मिलिसेकंदांसाठी ४,४१० आकडे मागे राहायचं, बस्स. बाहेर आलेल्या आवाजाचा अर्धा भाग पुन्हा आत सोडला की दुसरा ठोका निम्मा, तिसरा पाव, असा विरत जाणारा प्रतिध्वनी मिळतो. आज हे फोनमधलं फुकट अ‍ॅप करतं. १९७९ मध्ये ती चैन होती.

ड्रम वेगवेगळे का वाजवायला लावले?

हॅनेटबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे त्याने मॉरिसला ड्रम सेट एकत्र न वाजवता एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला. ही गोष्ट सांगताना लोक हॅनेटला विक्षिप्त ठरवून मोकळे होतात. तो होताही. पण या हट्टामागे साधं कारण आहे.

ड्रम सेटला पाच-सहा माइक लावले तरी प्रत्येक माइकमध्ये शेजारचा आवाज सांडतो. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट येतोच. आता स्नेअरला डिले लावला की सांडलेल्या हाय-हॅटलाही तो लागतो, आणि सगळा चिखल होतो. फक्त स्नेअरभोवती मोठी रिकामी खोली हवी आणि हाय-हॅट मात्र कानाजवळ कोरडा हवा, तर दोन्ही आवाज मुळातच वेगळे हवेत. दुसरा रस्ता नाही.

याची किंमत? ड्रमर चार हातपाय मिळून वाजवतो तेव्हा त्यात एक झोल असतो, तो जातो. माणूस मशीनसारखा वाटायला लागतो. योगायोग असा की मॉरिसची शैली आधीच घड्याळासारखी काटेकोर होती. त्यामुळे जे नुकसान व्हायचं, तेच या अल्बमचं वैशिष्ट्य झालं.

लिफ्ट, बाटली आणि टेलिफोन

यंत्रांवर हॅनेट थांबला नाही. ‘इनसाइट’ची सुरुवात ऐका, स्टुडिओच्या लिफ्टचा आवाज आहे तो. याच गाण्यात कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून रेकॉर्ड केला. फोनची लाइन खालचे आणि वरचे सूर कापते, त्यामुळे माणूस एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. शेवटच्या ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते ती खरोखर फोडलेली बाटली आहे. ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’साठी मॉरिसला एका छोट्या बूथमध्ये बसवून टेपचं हेड साफ करायचा स्प्रे तालात मारायला लावला. बंद बूथमध्ये तो स्प्रे! बिचाऱ्याचा जीव गुदमरायची वेळ आली.

आणि मग मिक्सिंग. स्टेजवर सगळ्यात पुढे असलेली गिटार हॅनेटने मागे ढकलली. मघाशी म्हटलं ना, हुकचा बेस वरच्या पट्टीत? गिटार मागे गेल्यावर मधली जागा मोकळी झाली, तिथे बेस आला आणि चाल सांगायला लागला. ड्रम दूरच्या भिंतींमधून येतात. कर्टिसचा खर्जातला आवाज या सगळ्याच्या मधोमध, एकटा. बाकी ठिकाणी काहीच नाही. ही जी ‘काहीच नाही’ची जागा आहे, ती हॅनेटने वाजवली.

आम्ही हे एपिसोड रेकॉर्ड करताना दाराला चादरी टांगतो, खोली ऐकू येऊ नये म्हणून. हॅनेटने नेमकं उलटं केलं. त्याने खोलीलाच बँडमधला पाचवा माणूस केलं.

मग भांडण कशाचं?

समनर आणि हुक यांना वाटलं की आपला दणका गेला. आपण जोरात वाजवणारा बँड, आणि याने सगळं थंड करून टाकलं. हुकला तर हे पिंक फ्लॉइडसारखं वाटलं, आणि १९७९ च्या पंकवाल्याला याहून मोठी शिवी नाही! मॉरिस आणि कर्टिस यांना मात्र अल्बम आवडला. हॅनेट नंतर म्हणाला की हा बँड प्रोड्यूसरला मिळालेली भेटच होती, कारण त्यांना स्टुडिओतलं काही कळत नव्हतं आणि ते वादही घालत नव्हते. हे वाक्य मला आजही थोडं टोचतं. कुणाच्या तरी अननुभवाचा फायदा घेऊन सुंदर गोष्ट घडवली, तर ती नक्की कुणाची?

हुकने पुढे मान्य केलं की तेव्हा त्याला हवा तसा अल्बम झाला नाही, पण जॉय डिव्हिजनचा आवाज हॅनेटनेच घडवला. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर होते. बँडला स्टेजवरचं खरं हवं होतं, ते त्या रात्रीच्या लोकांना मिळालं. हॅनेटने बंद खोलीत, एकट्याने ऐकणाऱ्यासाठी अल्बम केला. आपण इयरफोन लावून तेच तर करतो! म्हणून तर इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तो आपल्यापर्यंत पोचतो.

एक शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी महत्त्वाचा. १८ मे १९८० रोजी इयन कर्टिसने आत्महत्या केली. तो २३ वर्षांचा होता. अपस्माराचा आजार होता, नैराश्य होतं. त्यानंतर लोकांनी या अल्बमकडे जणू आगाऊ लिहून ठेवलेली चिठ्ठी म्हणून बघायला सुरुवात केली. त्या थंड, लांबून येणाऱ्या आवाजाला थेट त्याचं दुःख समजलं गेलं. कर्टिसचे शब्द त्याचेच होते, त्यातली वेदनाही खोटी नव्हती. पण तो ‘लांब’ वाटतो कारण त्याचा आवाज टेलिफोनमधून काढला आहे. भोवतालची पोकळी कुणीतरी मिलिसेकंद मोजून बांधली आहे. दुःखामुळे कला महान होते, हा समज धोकादायक आहे. ‘अननोन प्लेझर्स’ चांगला आहे कारण पाच-सहा माणसांनी त्यावर डोकं लावून काम केलं. तो आजारी मुलगा बरा झाला असता तरी हा अल्बम एवढाच चांगला राहिला असता. उलट आपल्याला आणखी दहा मिळाले असते.

हॅनेटचंही पुढे फार बरं झालं नाही. १९८० च्या दशकात फॅक्टरीशी पैशांवरून कोर्टात भांडण, व्यसनं, आणि एप्रिल १९९१ मध्ये ४२ व्या वर्षी मृत्यू.

तुमच्यासाठी होमवर्क

‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ड्रम, आणि प्रत्येक ठोका किती मोठ्या खोलीत वाजतोय याचा अंदाज घ्या. दुसऱ्यांदा फक्त बेस, चाल कोण सांगतंय ते बघा. तिसऱ्यांदा गिटार कुठे लपवली आहे ते शोधा. मग २००७ च्या आवृत्तीत जोडलेली लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, १३ जुलै १९७९ ची, म्हणजे अल्बम आल्यानंतर महिनाभरातली. तोच बँड, तीच वर्षं, आणि केवढा फरक!

कुठलं आवडलं ते कळवा. हुकच्या बाजूने मतं आली तरी चालेल, चिडणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.