मराठीतला मोशे

1874 साली पुण्यात छापलेल्या एका धार्मिक पुस्तकात चित्रांची एक चौकट आहे. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून कणीक मळताहेत, लाटताहेत, भाजताहेत. पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या पुणेरी घरात पुरणपोळ्यांचा घाट घातलाय. पण ती बेखमीर भाकर आहे, वल्हांडणाच्या सणाची, आणि बायका ज्यू आहेत. पुस्तकाचं नाव ‘हग्गादा’. इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोक कसे सुटले ती कथा सणाच्या रात्री सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून वाचायची, त्यासाठीचं हे पुस्तक. हिब्रू मजकूर, सोबत मराठी भाषांतर. ते सिद्ध करणारे मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर. आडनाव बघा. रायगडातलं कुठलंही ‘कर’ शेवटी लागलेलं आडनाव असावं तसं.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, गारखेड्यात, आम्ही काही जणी एकत्र बसून वाचतो. एकदा जर्मनीतल्या छळछावण्यांवरचं पुस्तक वाचून झालं आणि एका मैत्रिणीनं विचारलं, “हे लोक आपल्याकडे कधी आलेच नाहीत का?” प्रश्न अगदी सरळ होता. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ज्यू भेटतो तो सिनेमात किंवा बातम्यांत. माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, त्यामुळे मला ते शेजारघरात भेटले होते. शेजारच्या काकी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आणि शनिवारी त्यांच्या चुलीला हात लागायचा नाही. आम्हा पोरांना त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे सोमवार, त्यांच्याकडे शनिवार, एवढंच.

हे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की फार जुन्या काळी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना त्यांनी तिथेच पुरलं. नवगावला ती जागा आजही आहे आणि तिथे स्मारक उभं आहे. वाचलेली माणसं कोकणात पसरली, तेलाचे घाणे घालू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर. हिब्रू पोथ्या गलबताबरोबर गेल्या असं ते सांगतात. हाताशी उरलं ते इतकंच: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलग्याची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची, आणि ‘शमा इस्राएल’ ही एक प्रार्थना, जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी तीच.

गलबत नेमकं कधी फुटलं यावर वाद आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी इसवी सनापूर्वी 175 च्या आसपासचा काळ धरला. त्यांचा एक मुद्दा असा, की मंदिराच्या शुद्धीकरणाचा हनुक्का हा सण त्याच्या थोडा नंतरचा, आणि कोकणातल्या या लोकांना तो ठाऊकच नव्हता. विसरलेही असतील, असं उलट म्हणता येतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतले ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे सापडले. माझ्यापुरतं मला तारखेहून दुसऱ्या गोष्टीचं मोल अधिक वाटतं. पोथी नाही, धर्मगुरू नाही, बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध नाही, आणि तरी या घरांनी शनिवार सोडला नाही. हे कुणी सांभाळलं? स्वयंपाकघरानं, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचीच एक कथा याला दुजोरा देते. दाविद राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला आणि हे लोक खरंच आपले का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी बिनखवल्यांची मासळी बाजूला काढली. त्याची खात्री पटली. पुढे त्यानं काही जणांना धर्म शिकवला आणि त्यांच्या वंशजांना काजी म्हणू लागले. कथा खरी असो नसो, एका समाजाची ओळख बायकांच्या हातावरून पटली असं तो समाज स्वतः सांगतो, हे मला फार मोठं वाटतं.

या स्वयंपाकघराचं शास्त्र कोकणाशी छान जुळलं. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मटणाच्या जेवणानंतर दुधाचं गोड कसं करणार? कोकणात नारळाला काय तोटा! नवीन वर्षाला गव्हाचा चीक काढून त्याचा हलवा करतात, तो नारळाच्या दुधात. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षासव हवं, ते मिळणार कुठून, म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत. सणांची नावंही घरची: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं तो करतात. लग्न ठरलं, नोकरी लागली, नवस फेडायचा आहे, की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका कातळावर खुणा आहेत. एलियाहू रथातून स्वर्गात गेला तेव्हा घोड्यांच्या टापा तिथे उमटल्या अशी श्रद्धा आहे. जगात इतरत्र ज्यू एलियाहूची वाट पाहतात, वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात. तो येऊन गेला असं सांगणारं ठिकाण आमच्या तालुक्यात आहे. मलिद्याचं ताट काकी आमच्याकडे पाठवायच्या आणि आई ते रिकामं परत पाठवायची नाही.

ज्यू लोक ज्या देशात गेले तिथल्या भाषेत मिसळले, हे जगभर दिसतं. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बाबिलोनमध्ये त्यांची वस्ती होती. पूर्व युरोपातले ज्यू यिद्दिश बोलू लागले, 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले आपली जुनी स्पॅनिश घेऊन तुर्कस्तानापर्यंत गेले, चीनमधल्या कायफेंगमध्येही त्यांचं प्रार्थनामंदिर होतं. कोचीच्या ज्यू बायका मल्याळममध्ये गाणी म्हणत. या मोठ्या यादीत मराठी आहे, हे आपण मराठी माणसं का सांगत नाही, मला कळत नाही.

आमच्या शहराजवळूनही एक धागा जातो, थोडा वेगळा. खुलताबादला ज्याची साधी कबर आहे त्या औरंगजेबानं 1661 च्या सुमारास दिल्लीत सरमद नावाच्या फकीर कवीचा शिरच्छेद करवला. सरमद जन्मानं ज्यू, इराणकडून व्यापारासाठी आलेला, दाराशुकोहच्या जवळचा. त्याच्या शिष्यानं, अभयचंदनं, तौरातचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, काही भाग फारसीत आणला. सरमद काही काळ गोवळकोंड्यालाही होता. म्हणजे दख्खन ज्यू जगाला अगदी अनोळखी नव्हतं.

कोकणातून मुंबईला बेने इस्राएल गेले ते कंपनीच्या फौजेत, पुढे रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळं. सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतले. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये मांडवीला पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. समाज त्याला मशीदच म्हणत असे. मग शिक्षणाची लाट आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. उद्देश धर्मांतराचा होता. हाती लागले अगदी थोडे, पण समाजाला आपली पोथी वाचता येऊ लागली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास या मंडळींनी हिंदू कीर्तनकारांचं ऐकून आपली कीर्तनं रचायला घेतली. नायक अब्राहाम, योसेफ, मोशे. साकी, दिंडी, अभंग, सगळं आपलं. मोशे तांबडा समुद्र ओलांडतोय आणि टाळ वाजताहेत! मी मराठीची बाई. दासगणूंचं कीर्तन मुलांना समजावून सांगितलं, ही कीर्तनं मात्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटली नाहीत.

रिबेका रूबेन यांच्याबद्दलही तसंच. बेळगावच्या, 1889 चा जन्म. 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला मुलामुलींत पहिल्या आल्या. मुंबईतल्या इस्राएली शाळेच्या, म्हणजे पुढच्या सर एली कदूरी हायस्कूलच्या, त्या वर्षानुवर्षं मुख्याध्यापिका होत्या. ज्या वर्गात शिक्षणातल्या बायकांची नावं सांगताना सावित्रीबाईंनंतर मी गडबडून थांबत असे, तिथे हे नाव यायला हवं होतं. महापौर डॉ. ई. मोझेस, कवी निस्सीम इझिकेल, ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर, ही माणसं निदान रस्त्याच्या पाटीवर किंवा पडद्यावर आहेत.

आपण एक वाक्य अभिमानानं म्हणतो: भारतात ज्यूंचा छळ झाला नाही. बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण ते वाक्य आपल्याविषयी आहे, त्यांच्याविषयी नाही. त्यांच्या आतही गोष्टी होत्या. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता, बेटीव्यवहार नसे. बगदादहून आलेले ससूनसारखे श्रीमंत ज्यू त्यांना बरोबरीचं मानायला तयार नव्हते. आणि सगळ्यात मोठा घाव इस्राएलात बसला.

1948 नंतर ही घरं एकामागून एक गेली. इथे विसेक हजार होते ते आज देशभरात चार-पाच हजारांच्या घरात. कुणी हाकललं नव्हतं. धर्माची ओढ, नातेवाईक, नोकऱ्यांचं बदललेलं चित्र. डिमोना, बेरशेबा, अश्दोद, रामला अशा गावांत ती वसली. तिथल्या मुख्य रब्बींनी 1961-62 मध्ये फर्मान काढलं, की बेने इस्राएलांशी लग्न लावताना त्यांच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांनी पोथीशिवाय शनिवार पाळला त्यांना विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू का? त्यांनी जेरुसलेममध्ये मोर्चे काढले, ठिय्या दिला, आणि 1964 मध्ये संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. काकींचं कुटुंब त्याच काळात गेलं. त्यांची पत्रं आईला मराठीत यायची, आमसुलं आणि वालाची डाळ पाठवा म्हणून. या फर्मानाबद्दल त्यांनी आईला एकच ओळ लिहिली होती, की इथे आम्हाला इंडियन म्हणतात.

पुढे इस्राएलातून ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघालं, कवी नोहा मस्सील त्याचे संपादक. नातवंडं हिब्रूत शिकली, त्यामुळे वाचणारे म्हातारे होत गेले. इकडे महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

अलिबागला कधी गेलात तर किनारा, कुलाबा किल्ला बघून परतू नका. गावातच इस्राएल आळी आहे, तिथे 1848 चं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर उभं आहे. डोक्यावर टोपी किंवा पदर घ्या, आत बोलताना आवाज लहान ठेवा. नवगाव आणि खंडाळा तिथून जवळ आहेत. शनिवार टाळा, त्या दिवशी ते लोक प्रार्थनेत असतात.