फोन ठेवला, हे यंत्राला कसे कळते?

फोनवर बोलणे संपले की आपण ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. समोरच्या माणसाला तेवढे पुरते. पण फोनच्या तारेला यंत्र जोडलेले असेल, तर त्याला ‘ठेवतो’ कोण सांगणार? आणि त्याला ते कळलेच नाही तर?

एस.टी.डी. बूथचे दिवस आठवा. १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी बनवलेले पहिले छोटे एक्स्चेंज सुरू झाले. पुढे अशी एक्स्चेंजे देशभर खेडोपाडी गेली. कळंब, उमरगा, तुळजापूरच्या बाजारात बूथच्या पिवळ्या पाट्या लागल्या. पुण्याला नोकरीवर असलेल्या मुलाने फोन उचलला की बूथमधले मीटर पळू लागे, त्याने ठेवला की थांबे. मीटरला हे कोण सांगे?

सांगणारे होते एक्स्चेंज. फोनच्या दोन तारांत सुमारे ४८ व्होल्टची वीज असते. एक तार धन, दुसरी ऋण. पलीकडे फोन उचलला गेला की एक्स्चेंज या दोन्हींची अदलाबदल करी. बोलणे संपले की तारा पुन्हा पहिल्यासारख्या होत. मीटर एवढीच खूण ओळखे.

आज गावोगाव मोबाईलचे टॉवर आहेत. जुन्या पद्धतीचा, तारेचा फोन किंवा यंत्र मोबाईलच्या जाळ्याला जोडायचे तर मध्ये एक पेटी लागते. तिला गेटवे म्हणतात. तिच्यात सिमकार्ड बसते आणि मागून दोन तारा निघतात. उमरग्याच्या बाजारात कानडी आणि मराठी गिऱ्हाइकांमध्ये दुभाषी असावा, तशी ही पेटी. टॉवरकडून ‘बोलणे संपले’ असा निरोप आला की तिला तो तारेच्या भाषेत सांगावा लागतो.

सांगण्याच्या रीती तीन. पहिली, तारांची अदलाबदल. दुसरी, तारेतली वीज क्षणभर तोडणे. तिसरी, ‘टूं-टूं’ असा एंगेजचा सूर वाजवणे. पेटी एका रीतीने सांगते आणि यंत्र दुसरीची वाट पाहते, असे झाले की घोळ झालाच. बोलणारा निघून जातो, यंत्र मात्र रिसीव्हर कानाला लावून बसते.

यात आपले काय जाते? मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करण्याची सोय आता नवी राहिली नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ त्यासाठीच निघाले. रात्रीच्या विजेला अंधारात रानात जाण्याचा त्रास अशा यंत्रांनी वाचतो. पण तारेवर चालणारे यंत्र अशा पेटीला जोडले आणि पहिला फोन कट झाल्याचे त्याला कळले नाही, तर लाइन अडकते. दुसरा फोन लागत नाही, मोटार बंद करता येत नाही. आपल्या धाराशिवच्या विहिरी उन्हाळ्यात तासा-दोन तासांत उपसतात. कोरडी चाललेली मोटार जळते.

म्हणून बसवणारा माणूस बांधावर असतानाच परीक्षा घ्या. फोन लावा, कट करा, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावा. असे चार-पाच वेळा करा. एकदा जरी एंगेज लागला, तरी दोन्हींची रीत जुळवून घ्या. शिवाय ठरावीक वेळाने लाइन आपोआप सोडण्याची सोय आहे का, ते विचारा. आणि पाणी संपताच मोटार बंद करणारे संरक्षण स्टार्टरला असू द्याच. फोन अडकला तरी मोटार वाचेल.