उंबरठ्याच्या आंत कोणाचा अधिकार ?

सरकारी मनुष्य मोजणीची सांखळी व नकाशा घेऊन दाराशीं उभा राहिला म्हणजे आपल्या खेड्यांतला घरधनी दोहोंपैकीं एक गोष्ट करतो : एक तर घोंगडी अंथरून चहा पुढें करतो, नाहीं तर काठी घेऊन बाहेर येतो. "आपण कोणाच्या हुकुमानें आलांत, तो कागद दाखवा," असें शांतपणें विचारणारा शंभरांत एखादाच. हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, हें बहुतेक घरधन्यांस ठाऊक नसतें. आणि ज्या अंमलदारास तें ठाऊक असतें तो आपण होऊन सांगत नाहीं. पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यानें या अज्ञानाची व या मौनाची किंमत शंभर वर्षांपूर्वींच मोजली आहे, म्हणून आम्ही तेथूनच आरंभ करितों.

मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावें, त्या पाण्यावर वीज उत्पन्न करून ती मुंबईस पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. मुळशी पेट्यांतील पन्नासांवर गांवांस तिची झळ बसणार होती. जमीन रीतसर ताब्यांत येण्यापूर्वींच कंपनीचीं माणसें शेतांत शिरलीं व त्यांनीं चांचणीचे चर खणावयास प्रारंभ केला. मालकांस विचारलें नाहीं. हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यास इंजिनियरानें पिस्तुलाचा धाक घातला, असें या लढ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. अखेर १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें बाराशें मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले व काम बंद पडलें.

पुढील हकीकत वाचकांस ठाऊक असेल. परंतु लढ्याच्या अगोदरचा तो चर आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या शेतांत कुदळ मारण्याचा अधिकार त्या माणसांस कोठून मिळाला ?

त्या वेळीं अंमलांत असलेला १८९४ चा जमीनसंपादनाचा कायदा याचें उत्तर देतो. जाहीरनामा निघाल्यावर अंमलदारानें जमिनीवर जावें, मोजणी करावी, खणून पाहावें, इतकेंच नव्हे तर मोजणीस अडथळा होत असल्यास उभें पीक व कुंपणही तोडावें, अशी मुभा त्याच्या चौथ्या कलमानें दिली होती. मात्र तिला एक अट होती. इमारतींत, अथवा राहत्या घरास लागून असलेल्या बंदिस्त अंगणांत किंवा बागेंत, तेथें राहणाऱ्याच्या संमतीवांचून जावयाचें असेल तर निदान सात दिवस आधीं लेखी सूचना दिली पाहिजे. परक्या सरकारनेंही उंबरठा तेवढा मानला होता !

या अटीमागें इंग्लंडांतील जुना संस्कार आहे. १७६२ सालीं राजाच्या मंत्र्याचा हुकूम घेऊन आलेले जासूद जॉन एंटिक नांवाच्या लेखकाच्या घरांत शिरले व त्याचे कागद घेऊन गेले. एंटिकनें फिर्याद केली. असा हुकूम देण्याची सत्ता कोणत्या कायद्यांत आहे तें दाखवा, असें न्यायमूर्ति कॅम्डेन यांनीं बजावलें; तें दाखवितां आलें नाहीं, आणि १७६५ सालीं निकाल एंटिकच्या बाजूनें झाला.

परंतु कायद्याची मेखही त्याच अटींत होती. पुण्यांतल्या वाड्यास दिंडीदरवाजा असतो. आंत काय व बाहेर काय हें तेथें उघड दिसतें. मावळांत घरामागें गोठा, गोठ्यामागें खळें, आणि खळ्यास लागून आजापणज्यांनीं बांध घालून केलेलें भाताचें खाचर. या कुटुंबाचें घर कोठें संपतें ? अंगणास सात दिवसांची सूचना आणि ज्यावर चूल पेटते त्या खाचरास कांहींच नाहीं, ही वांटणी घर बांधणाऱ्यानें केलेली नव्हती. शिवाय कंपनीच्या नोकरासही प्रवेशाचा हाच अधिकार देण्याची सोय त्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमांत होती. तेव्हां दाराशीं आलेला मनुष्य सरकारचा कीं नफा मिळविणाऱ्या कंपनीचा, हें शेतकऱ्यानें ओळखावें तरी कसें? आणि सर्वांत नवल हें कीं, घरांत शिरण्यापूर्वीं सात दिवस देणाऱ्या कायद्यांत तें घर कायमचें घेण्यापूर्वीं मालकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूदच नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीनें आली. मुळशीच्या माणसांस तिचा काय उपयोग ?

येथें पुणेंकर वाचकांस कडू लागेल अशी एक गोष्ट सांगणें भाग आहे. पेट्यांतील पुष्कळ जमिनी शहरांतल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. "जान किंवा जमीन" ही प्रतिज्ञा कुळांची व कसणाऱ्यांची. सावकारांचें लक्ष भरपाईच्या आंकड्याकडे होतें. सेनापति बापट १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामाची आगगाडी अडवून सात वर्षांच्या शिक्षेस गेले. धरण झालें, आणि वीज भिऱ्याहून मुंबईस गेली.

आतां कायदा पुष्कळ सुधारला आहे. १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आलेल्या नव्या भूमिसंपादन कायद्यानें सात दिवसांची अट कायम ठेविली आणि शेताचीही अब्रू राखली. मोजणी मालकाच्या किंवा त्यानें लेखी नेमलेल्या माणसाच्या समक्ष व्हावी. त्याच्या गैरहजेरींत करावयाची तर साठ दिवस आधीं नोटीस द्यावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. मात्र राष्ट्रीय महामार्गांसाठीं १९५६ चा निराळा कायदा आहे. तेव्हां हातीं पडलेली नोटीस कोणत्या कायद्याखालची, हें पहिल्यानें वाचावें. गांवठाणांतील घरांची मोजणी २०२० पासून स्वामित्व योजनेंत ड्रोन उडवून होते. तीपासून घराच्या मालकीचा कागद मिळतो, हा लाभ लहान नव्हे. पण उडत्या यंत्रास उंबरठा नसतो, आणि परसांत न्हाणी असलेल्या घरांतील बायकांस तें कोणत्या दिवशीं येणार हें आधीं कळलेंच पाहिजे.

अंमलदारांची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. मोजणीवांचून रस्ता होत नाहीं, हद्दीचा तंटा मिटत नाहीं. उन्हांत सांखळी ओढणाऱ्या भूमापकावर धोंडा उगारणें हा तर शुद्ध अन्याय; त्यास कागदावांचून पाठविणारा वरिष्ठ सावलींत बसलेला असतो. व्यापारी मंडळींनींही आपल्या संवयीकडे पाहावें. दुकानांत तपासणीस आलेल्याकडे अधिकारपत्र मागण्याऐवजीं आपण त्याच्या हातावर कांहीं ठेवतों, आणि मग तोच मनुष्य गरिबाच्या दाराशीं न विचारतां आंत जातो.

पौड येथील तालुक्याच्या कचेरीनें मोजणीस निघणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातीं सोप्या मराठींत एक अधिकारपत्र द्यावें : नांव, हुद्दा, कायदा व कलम, दिवस व वेळ. त्याची प्रत चावडीवर लावावी, ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि काम झाल्यावर पंचनाम्याची सहीची नक्कल घरधन्याजवळ ठेवूनच निघावें.